डेटासेटला परवाना लावताना

‘आकड्यांवर कुणाचा कॉपीराइट नसतो’ हे संशोधकांचं आवडतं वाक्य. भारतापुरतं ते बरंचसं खरं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकीय डेटाबेस ‘साहित्यकृती’त मोडतो, पण संरक्षण मिळतं ते निवडीला आणि मांडणीला, आतल्या नोंदींना नाही. नुसता घाम गाळला म्हणून हक्क मिळत नाही, हे ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं.

युरोपात मात्र घाम आणि पैसा दोन्ही मोजतात. युरोपीय संघाच्या ११ मार्च १९९६ च्या निर्देशाने कॉपीराइटच्या शेजारी एक वेगळा डेटाबेस हक्क उभा केला. डेटा मिळवणं, तपासणं किंवा मांडणं यांत भरीव गुंतवणूक झाली असेल, तर त्याचा भरीव भाग १५ वर्षं परवानगीशिवाय उचलता किंवा पुन्हा प्रसिद्ध करता येत नाही. थोडं थोडं करून रोज उपसणंही चालत नाही. शिवाय मोठी नवी भर पडली की मुदत पुन्हा सुरू होते, त्यामुळे सतत अद्ययावत होणारा डेटाबेस मोकळा होण्याची वाट बघण्यात अर्थ नसतो.

२००४ मध्ये घोड्यांच्या शर्यतींच्या यादीवरून युरोपीय न्यायालयाने याला एक मर्यादा घातली: डेटा मुळात तयार करण्याचा खर्च धरायचा नाही, असलेला डेटा शोधून गोळा करण्याचाच धरायचा. मग सेन्सरने नोंदलेलं तापमान तयार केलेलं की गोळा केलेलं? यावर वर्षानुवर्षं वाद झाला. १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या डेटा कायद्याने जोडलेल्या उपकरणांमधून आलेल्या डेटाला हा हक्क नाकारला. हे फार आधी व्हायला हवं होतं.

‘संशोधनासाठी सूट आहे ना?’ आहे, पण नीट वाचा. मूळ निर्देशातली सूट सदस्य देशांवर सोडलेली, बिगर-व्यापारी कामापुरती आणि फक्त डेटा काढून घेण्यापुरती आहे. पुन्हा प्रसिद्ध करणं तिच्यात येत नाही. विश्लेषण करा, पण एकत्र केलेला तक्ता निबंधासोबत जोडलात की अडकलात. युरोपातले सहलेखक असतील तर हा प्रश्न हमखास येतो.

म्हणून परवाना लिहिलेला हवा, आणि माझ्या मते डेटासाठी सीसी-झिरोच हवा, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या तयार परवान्यांपैकी सगळे हक्क सोडून देणारा. त्यात डेटाबेस हक्कही सोडून दिलेला असतो. श्रेय उद्धरणातून मिळतं, त्यासाठी डीओआय (डेटासेटचा कायमचा ओळख-क्रमांक) घ्या. श्रेयाची अट हवीच असेल तर सीसी-बाय ४.० लावा, कारण आंतरराष्ट्रीय ३.० मसुद्यात डेटाबेस हक्काचा उल्लेखच नव्हता, तो ४.० मध्ये आला.

एनसी, म्हणजे ‘फक्त बिगर-व्यापारी वापर’ ही अट, टाळा. लोकांच्या निसर्गनोंदी गोळा करणाऱ्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर मूळ पर्याय सीसी-बाय-एनसी असतो. सह्याद्रीतल्या बेडकाची नोंद तशीच ठेवली तर ती जीबीआयएफ या जैवविविधता नोंदींच्या जागतिक साठ्यात पोचते, पण पर्यावरण आघात अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपनीला ती वापरायची भीती वाटते, आणि नेमकी तिथेच ती नोंद लागते. एसए (पुढची कृतीही त्याच परवान्याखाली देण्याची अट) लावलेली नोंद तर जीबीआयएफपर्यंत पोचतच नाही, कारण तिथे फक्त सीसी-झिरो, बाय आणि बाय-एनसी चालतात. खात्याच्या सेटिंगमध्ये नोंद, फोटो आणि आवाज यांचे परवाने वेगवेगळे बदलावे लागतात.

अनेक स्रोत एकत्र करताना दर ओळीला परवान्याचा स्तंभ ठेवा. बाय-एसए आणि बाय-एनसी-एसए यांच्या नोंदी मिसळून बनलेल्या कृतीला दोन्ही अटी पाळणारा एकही परवाना नाही. स्तंभ असेल तर एका गाळणीत त्या वेगळ्या होतात, नसेल तर अख्खा तक्ता टाकून द्यावा लागतो. परवान्याचं पूर्ण नाव, आवृत्ती आणि दुवा लायसन्स फाइलीत, रीडमीत आणि संग्रहस्थळाच्या मेटाडेटात तंतोतंत सारखा लिहा.

दुर्मीळ ऑर्किडची जागा लपवायची असेल तर कडक परवाना कामाचा नाही, चोर परवाना वाचत नाही. अक्षांश-रेखांश धूसर करा. आयनॅचरलिस्ट ते ०.२ अंशांच्या चौकटीत करतं. बाकी नोंद खुली राहू द्या.