कृष्णेकाठून सावित्रीकडे, आणि नीरेच्या खोऱ्यातून परत

वाईत ढोल्या गणपतीच्या देवळामागे सायकली उभ्या केल्या तेव्हा सकाळचे सहा वाजत होते. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, कृष्णेवर धुक्याचा थर. या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये देऊळ बांधलं, तेव्हा पुराचं पाणी भिंतीवर न आदळता दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून ती अशी निमुळती ठेवली. त्या टोकावर हात ठेवून पाहिला. दगड गार आणि ओलसर. बांधणाऱ्याला नदी नीट ठाऊक होती.

इथून पसरणी घाटानं पाचगणी-महाबळेश्वर, आंबेनळी घाट उतरून पोलादपूर आणि महाड, वरंधा घाटानं पुन्हा वर चढून भोर, आणि मांढरदेवीच्या डोंगरावरून परत वाई असा बेत होता. दोनशे किलोमीटरच्या वर अंतर, तीन दिवस, मी आणि धाकटा भाऊ. हे सगळे रस्ते मी लहानपणापासून एसटीतून आणि गाडीतून तुकड्यातुकड्यानं पाहिलेत. पण वाई, महाड, भोर ही गावं जिथं आहेत तिथंच का आहेत, हा प्रश्न गाडीत बसून कधी पडला नव्हता. सायकलवर तो पहिल्याच चढाला पडला.

पसरणी गाव वाईच्या कुशीतच आहे. शाहीर साबळे इथलेच. गाव मागे पडलं की घाट सुरू होतो आणि पाचगणीपर्यंत साधारण सहाशे मीटर उंची चढवतो. चढ एकसारखा आहे, हे त्याचं मोठं सुख. पुढे ३४ आणि मागे ३२ दातांचं चक्र असा सर्वांत हलका गिअर लावला, श्वास आणि पाय यांची लय जमवली आणि मग काही करायचं उरलं नाही. वळणागणिक कृष्णेचं खोरं खाली खाली जात होतं. ऊन चढलं तसं धुकं विरलं आणि धोम धरणाचं पाणी चकाकायला लागलं. उसाचे फड, हळदीची शेतं, मध्ये वाईची कौलं. तिथून पाहिल्यावर लक्षात आलं की हे गाव सपाटीवरचं शेवटचं मोठं ठाणं आहे. पुढे डोंगरच. कोकणात उतरणाऱ्या माणसानं आणि जनावरानं इथंच पाणी पिऊन, सामान बांधून, दम घेऊन निघायचं.

पाचगणी ते महाबळेश्वर हा टप्पा आम्ही न थांबता काढला. सिल्व्हर ओकच्या रांगांमधला हा रस्ता सकाळी आठच्या आत सुंदर आहे. नंतर पर्यटकांच्या गाड्या येतात आणि अरुंद रस्त्यावर सायकलवाल्याला जागा उरत नाही. भिलारला, पुस्तकांच्या गावात, थांबायची इच्छा फार होती. पण तिथं अर्धा तास थांबणं म्हणजे न थांबल्यासारखंच, त्या गावासाठी वेगळा दिवस ठेवायला हवा.

महाबळेश्वर सोडून प्रतापगडाच्या रस्त्याला लागलो आणि उतार सुरू झाला. झाडी इतकी दाट की दहा वाजता उजेड हिरवा होता. १६५९ मध्ये अफजलखानाचं सैन्य वाईच्या तळावरून याच मुलखात, रडतोंडीच्या घाटानं पार गावाकडे उतरलं. शाळेत ही ओळ पाठ केलेली असते. पण एकाच सकाळी वाईचं मोकळं खोरं, मग माथ्यावरचं पठार आणि मग ही कोयनेच्या खोऱ्यातली अंधारी उतरण एकामागून एक पायाखालून गेली, की त्या ओळीतला डाव अंगावर येतो. मोकळ्या मैदानाची सवय असलेली फौज, तोफा, हत्ती, उंट, सगळा लवाजमा या दरीत आणून सोडायचा. एकदा खाली उतरल्यावर पळायला पुन्हा हाच चढ. महाराजांनी भेटीची जागा निवडली तेव्हाच अर्धी लढाई झाली होती, असं मला त्या उतारावर मनापासून वाटलं.

वाडा गावापासून गडाकडे फाटा फुटतो. तो चढ छोटा असला तरी पसरणीपेक्षा जास्त दमवतो. १६५६ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली उभा राहिलेला हा गड. बुरुजावरून जावळीचं रान खाली पसरलेलं दिसतं, समोर मधुमकरंदगडाची जोडशिखरं. आम्ही तिथं तासभर बसलो, फार बोललो नाही.

आंबेनळीच्या उतारावर भावाची मागची ट्यूब फुटली. बंदुकीसारखा आवाज आला. तो हळू होता म्हणून पडला नाही. चाकाला हात लावला तर रिम चटका बसेल इतकी तापलेली. दोष ब्रेक धरण्याच्या पद्धतीचा होता. लांब उतारावर घाबरून ब्रेक अर्धवट दाबून ठेवला की रिम तापत जाते, आतली हवा फुगते आणि ट्यूब जाते. रिम ब्रेक असतील तर वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवायचा, वळणात सोडून द्यायचे, सरळ रस्त्यावर रिमला वारा लागू द्यायचा. आणि दर पाच-सहा किलोमीटरला थांबून चाक गार होऊ द्यायचं. हे मी त्याला निघताना सांगायला हवं होतं. कठड्याशी बसून ट्यूब बदलली. टायरमध्ये बोटं फिरवून काटा, खडा काही आहे का पाहिलं आणि मगच हवा भरली. तेवढ्या वेळात दरीतून वर येणारी हवा बदलल्याचं जाणवलं. माथ्यावरची कोरडी थंडी गेली होती. दमट, उबदार, ओल्या पाचोळ्याचा वास असलेली हवा होती. कोकण डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळलं.

महाबळेश्वरहून पोलादपूरला येईतो तेराशे मीटरच्या आसपास उंची उतरते. पुढचा महाडपर्यंतचा महामार्ग हा या फेरीतला सर्वांत नीरस तुकडा. अवजड ट्रक, ऊन आणि सरळ रेघ. खाली मान घालून एका तासात संपवला.

महाड सावित्रीकाठचं जुनं बंदर. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा आणि सावित्री शेजारी शेजारी उगम पावतात असं मानतात. सकाळी जिच्या काठावरून निघालो ती पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे गेली आणि संध्याकाळी जिच्या काठावर पोचलो ती बाणकोटला अरबी समुद्राला मिळते. खाडीतून होड्यांनी आलेला माल इथं उतरायचा आणि बैलांच्या पाठीवर घाट चढायचा. वाई जशी वरच्या अंगाची पायरी, तसं महाड खालच्या अंगाची.

सामान टाकून चवदार तळ्यावर गेलो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह या तळ्यावर आले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. तळं नगरपालिकेच्या ठरावानं आधीच सगळ्यांना खुलं झालेलं होतं, पण अस्पृश्य ठरवलेल्यांना तिथं पाणी घेऊ दिलं जात नव्हतं. कोर्टकज्जा त्यानंतर दहा वर्षं चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूनं लागला.

त्या दिवशी मी सात बाटल्या पाणी प्यायलो होतो. वाईत, पाचगणीत, गडाखाली, पोलादपुरात, जिथं बाटली पुढे केली तिथं कुणी ना कुणी ती भरून दिली, एकानंही नाव-गाव विचारलं नाही. आठ-नऊ तास घाम गाळलेल्या शरीराला पाण्याचा पहिला घोट काय असतो ते त्या संध्याकाळी ताजं माहीत होतं. तळ्याच्या पायऱ्यांवर उभं राहून तो घोट नाकारला जाण्याचा विचार केला आणि घसा दाटून आला. भाऊ खालच्या पायरीवर बसला होता. अंधार पडेपर्यंत आम्ही उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघालो, कारण वरंधा कोकणाच्या बाजूनं चढायचा तर उन्हाच्या आधी. बिरवाडी मागे पडलं की गर्दी संपते. कापणी झालेली भातखाचरं, पेंढ्याच्या उडव्या, ओलीवर पेरलेला वाल. माझेरीनंतर रस्ता डोंगराला चिकटतो आणि मग वर पाहिलं की आपणच जाणार आहोत ती वळणं थरावर थर दिसतात. या चारही घाटांत मला वरंधा सर्वांत आवडतो. पसरणीसारखा तो समजूतदार नाही. मध्येच चढ तीव्र होतो, डांबर उखडलेलं असतं, पावसाळ्यात दरडींमुळे तो बंदही ठेवतात. पण दरी इतक्या जवळून दुसरा कुठलाही रस्ता दाखवत नाही. एका वळणावर मी उतरून कातळाला हात लावला. काळ्या बसाल्टमधून बारीक धार झिरपत होती, तिच्याखाली शेवाळाची बोटभर जाड गादी, आणि त्या गादीत नखाएवढी पांढरी फुलं.

माथ्यावर वाघजाईचं देऊळ आणि चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत. टपरीवरच्या मावशींनी सायकलींकडे पाहून विचारलं, "महाडावरनं आला का रं? पायानंच?"

"हो मावशी, पायानंच."

"मग आधी बसा. च्या नंतर." आणि त्यांनी तांब्याभर पाणी आणून ठेवलं.

त्यांनीच मागच्या डोंगराकडे बोट केलं. तो कावळ्या किल्ला, घाटावर नजर ठेवणारा. बोलता बोलता सांगितलं की त्यांची सासू कोकणातली, डोक्यावर बोचकं घेऊन पायवाटेनं इकडं आलेली. घाट म्हणजे वेशीसारखा असतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. मावशींच्या घरात तो सोयरिकीचा रस्ता होता.

माथ्यापासून भोरपर्यंत नीरा देवघर धरणाच्या पाण्याची साथ मिळते. नकाशावर हा उतार वाटतो. प्रत्यक्षात हिर्डोशीपासून पुढे इतके लहान लहान चढउतार आहेत की वरंध्यात वाचवलेला दम इथं खर्च होतो. इंद्रायणी भाताची खाचरं रिकामी होऊन सोनेरी झाली होती. भोरला पोचलो तेव्हा इथले संस्थानिक पंतसचिव यांच्या राजवाड्यावर उतरतं ऊन होतं. १८६९ सालचा हा वाडा, लाकडी खांब आणि ऐसपैस चौक. वरंध्यातून आलेल्या वाटेवर नीरेकाठी हे संस्थानचं गाव. पुन्हा नदी, पुन्हा घाट, पुन्हा बाजारपेठ.

तिसरा दिवस अंतरानं छोटा, चाळीस किलोमीटरच्या आसपास, पण आंबवड्यानंतरचा मांढरदेवीचा चढ पायांची परीक्षा घेतो. पौषातल्या काळूबाईच्या यात्रेच्या दिवसांत इकडे सायकल आणू नये. एरवी रस्ता निवांत असतो. माथ्यावरून पांडवगड दिसला आणि खाली वाई, दोन दिवसांपूर्वी पसरणी घाटातून पाहिलेली तीच कौलं, आता समोरच्या बाजूनं.

वाईत न थांबता तसेच मेणवलीला गेलो. नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे आणि तिथं एक पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ साल आहे, कडेवर बाळ येशू घेतलेली मरियम आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्या विजयाची ती खूण. म्हणजे समुद्रकाठच्या वसईहून इथवर येताना तिलाही सह्याद्री चढावा लागला. भाऊ बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मग पुढे होऊन त्यानं तळवा घंटेच्या कडेवर ठेवला आणि विचारलं, "दादा, हिला वर आणायला किती बैल लागले असतील?"