कंपोस्टेबल लिहिलंय, पण टाकायचं कुठे?

नागपुरात बर्डीवर डिस्पोजलच्या दुकानात वाटी असो की पिशवी, हल्ली हमखास सांगतात, हे घ्या, मक्याचं आहे, कंपोस्टेबल म्हणजे कुजून खत होणारं, इको फ्रेंडली, आणि लोकं चार पैसे जास्त देऊन घेतात पण, कारण चांगलं काहीतरी करावं असं सगळ्यांनाच वाटतं. पण मक्याचं आहे म्हणजे कुजेलच असं नाही ना. उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन बनतं, ते बायोबेस्डच, म्हणजे वनस्पतीपासूनचंच, पण कुजायच्या बाबतीत साध्या पन्नीसारखंच. उलट पीबीएटी नावाचं प्लास्टिक बहुतेक खनिज तेलातून येतं तरी त्याचं कंपोस्ट होतं.

नियम आहेत आपल्याकडे. 1 जुलै 2022 पासून देशात सिंगल यूज प्लास्टिकच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी आली, 31 डिसेंबर 2022 पासून पिशवीला किमान 120 मायक्रॉन जाडीची अट आली, कंपोस्टेबलला मात्र त्यातून सूट. त्यासाठी माल आयएस/आयएसओ 17088 या कंपोस्टेबल प्लास्टिकच्या मानकात पास व्हायला हवा आणि सीपीसीबीचं, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, सर्टिफिकेट हवं. आता ही टेस्ट बघा, 58 डिग्रीच्या आसपास गरम, ओलसर, हवा खेळती असलेल्या कंपोस्टमध्ये 180 दिवसांत वस्तूतल्या 90 टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला पाहिजे. आपला मे महिना 45 च्या वर जातो तरी नालीत पडलेल्या वाटीला ते वातावरण मिळत नाही. म्हणजे तपासणी वस्तूची होते, ती जिथे जाणार त्या जागेची नाही, आणि माझा सगळा राग यावरच आहे. घंटागाडीवाल्याने ती वाटी ओल्यात घ्यायची की सुक्यात? सुक्यात गेली तर रिसायकलिंगचा माल खराब करते.

अन् गरम तर्रीचं काय? साधं पीएलए, म्हणजे मक्यासारख्या पिकापासूनचं हे प्लास्टिक, 55-60 डिग्रीला नरम पडतं. पॅकिंगमधून अन्नात किती उतरलं चालेल याची मर्यादा एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या 2018 च्या नियमांत आहे, किलोमागे 60 मिलिग्रॅम, पण ठेल्यावर हे विचारतं कोण!

युरोपने 2025 च्या पॅकेजिंग कायद्यात सरसकट कंपोस्टेबल करा असं म्हटलं नाही, टीबॅग, फळांवरचे स्टिकर अशा ओल्या कचऱ्यातच जाणाऱ्या मोजक्या गोष्टी धरल्या. संत्र्यावरचा स्टिकर सालीसोबतच जातो, मग तो कंपोस्टेबल असावा हे पटतं. आपल्याकडेही तसंच व्हावं, आणि ज्या शहरात हा माल विकायचा तिथे तो वेगळा गोळा करून कुजवायची सोय आधी दाखवा, मगच विक्रीची परवानगी. तोवर पिशवीवर सर्टिफिकेट नंबर बघून घ्या, आणि घरच्या कार्यक्रमाला पळसाच्या पत्रावळी मिळत असतील तर त्याच आणा.