चोप उंचावल्यावरही वाजणारे टाळ

नातेपुत्याला एसटीतून उतरले तेव्हा भुरभुर पाऊस होता. पालखीतळाकडचा रस्ता माणसांनी तुडुंब भरलेला, ट्रकांच्या टपावर तंबूचे बांबू, हंडे, चुली. आमच्या दिंडीचा ट्रक शोधण्यात तासभर गेला. माझी ही नववी वारी. आळंदीपासून सगळी वाट मी एकदाच चालले. एरवी माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरली की घरातून निघते, नातेपुत्याला दिंडी गाठते आणि तिथून पंढरपूरपर्यंत पायी. मंगळवेढ्याकडचं आमचं गाव, काळी जमीन, ज्वारीचा मुलूख. घरच्या कामातून तेवढीच सवड निघते.

२०२४ ची ही वारी मी मनावर एक ओझं घेऊन चालले. २०११ मध्ये महाराष्ट्रानं पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांना दिल्या आणि पुढं मीही ग्रामपंचायतीची सदस्य झाले. पाच वर्षं होते. त्या पाच वर्षांत ग्रामसभेचं प्रोसिडिंग बुक कितीदा तरी आमच्या ओसरीवर आलं. "काकू, हितं सही करा," म्हणायचं आणि मी करायची. सभा कुठं झाली, कोण बसलं होतं, कुणी काय विचारलं, काही ठाऊक नसायचं. ग्रामसभेला गावातले १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी तेवढी माणसं लागतात. ती जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग चारपाच जणांत सगळं मंजूर. गळ्यात तुळशीची माळ, सकाळ-संध्याकाळ तोंडात हरिपाठ आणि हातानं न झालेल्या सभेवर सही. सदस्यपद गेलं तरी ते मनातून गेलं नव्हतं. माळ घालताना खोटं बोलायचं नाही असं विठ्ठलाला सांगितलेलं असतं, त्यात सही धरायची की नाही हे तेव्हा मी स्वतःला विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सदाशिवनगरला गोल रिंगण झालं. लाखो माणसं माळावर उतरली आणि बघता बघता मधली गोल वाट मोकळी झाली. आधी पताकावाले धावले, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या आम्ही बायका, मग विणेकरी. मग अश्व सुटले. एका घोड्यावर स्वार असतो, दुसरा माउलींचा. त्याच्यावर कुणी बसत नाही, आजवर कुणी बसलेलं नाही. तो रिकामा घोडा पुढं निघाला की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. माझ्या शेजारची म्हातारी तिच्या पदरात माती बांधताना म्हणाली, "मोठी जागा मोकळीच ठेवावी बाई. कोण बसलं की भांडणं." मी पुढं दोन दिवस तेच घोळवत चालत होते.

माळशिरसच्या मुक्कामी रात्री जेवणं झाल्यावर तंबूत बैठक बसली. त्या वर्षी सरकारनं एकेका दिंडीला २० हजार रुपये देण्याचं जाहीर केलं होतं, ते घ्यायचे की नाही हा विषय. आमची दिंडी दीडएकशे माणसांची. प्रत्येक जण भिशीचे पैसे भरतो, त्यातून ट्रकचं भाडं, गहू, डाळ, गॅस, आचाऱ्याचं मानधन. ज्याला भरणं झेपत नाही त्याच्यासाठी बाकीचे थोडे थोडे जास्त भरतात आणि ते कुणाचे, हे फक्त दिंडीप्रमुखांना माहीत असतं. हिशोब द्वादशीला सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा, ही आमच्या दिंडीची जुनी रीत.

सोलापुरातून आलेले आण्णा आधी बोलले. वय पंचाहत्तरच्या पुढं, वडील कापडगिरणीत होते. "आपण विठोबाकडं जातोय ते आपल्या पायानं आन् आपल्या भाकरीवर. आज २० हजार घेतले की उद्या कागद मागतील, परवा यादी मागतील, मग दिंडीचा नंबर कुणी द्यायचा हे पण तेच ठरवतील."

माढ्याकडची एक सून, विशीतली, तुळस घेऊन चालणारी, उठली आणि म्हणाली, "आण्णा, पैसा काय त्यांच्या घरचा हाय का? कर आपण भरतो. रस्त्यात बायकांना आडोसा नाही, संडास नाही. ते मागायचं सोडून आपण पैसे नको म्हणून मोठेपणा का करायचा?"

सगळे गप्प झाले. मला तिचं म्हणणं पटलं होतं आणि आण्णांचंही. तासभर चर्चा चालली. हात वर करून मतं घेतली नाहीत. कुणी अडून राहिलं की दिंडीप्रमुख दुसऱ्याला बोलायला सांगत आणि पुन्हा पहिल्याकडं येत. शेवटी ठरलं ते असं: रोख रक्कम घ्यायची नाही, पण बायकांच्या सोयीसाठी दिंडीच्या सह्यांनी अर्ज द्यायचा आणि तो त्या सुनेनंच लिहायचा. तिनं ट्रकच्या दिव्याखाली बसून तो लिहिला. मी त्यावर सही केली. त्या आधी दोनदा वाचून काढला.

खुडूसच्या वाटेवर आण्णा माझ्याबरोबर चालत होते. मी त्यांना सहीची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, वाईट म्हणाले नाहीत, चांगलंही म्हणाले नाहीत. मग १९३० चं सांगू लागले, त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं. त्या वर्षी सोलापूरच्या नगरपालिकेनं आपल्या इमारतीवर तिरंगा लावला होता. मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, शहर पेटलं, ८ मे रोजी गोळीबार झाला. त्यानंतर ९, १० आणि ११ मे असे तीन दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरला नाही. अधिकारी निघून गेलेले. "मग काय लुटालूट झाली?" मी विचारलं. "नाही ना. काँग्रेसची स्वयंसेवक पोरं चौकाचौकात उभी राहिली. रहदारी त्यांनी सांभाळली, बंदोबस्त त्यांनी ठेवला." १२ मेला मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. सोलापुरात हुतात्म्यांच्या चौकातून मी शंभरदा गेले असेन. त्या तीन दिवसांत शहर चाललं कसं, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

"आन् आता बघा," आण्णा म्हणाले, "२०२२ च्या मार्चपासून महापालिकेत प्रशासक हाय. जिल्हा परिषदेत पण. नगरसेवक नाही, झेडपी सदस्य नाही. दोन वर्षं झाली. नळाला पाणी आलं नाही तर कुणाच्या दारात जायचं? आमच्या गल्लीत आता कुणी विचारत पण नाही. सवय झाली." शेवटचे दोन शब्द ते हळू बोलले. मग टाळ वाजवत पुढं निघून गेले.

मला या वारीतलं जे सगळ्यांना सांगायचंय ते वेळापूरला घडलं.

पालखी संध्याकाळी तळावर येते तेव्हा सगळ्या दिंड्या तिच्याभोवती गोल करून उभ्या राहतात. या वेळच्या आरतीला समाजआरती म्हणतात. हजारो टाळ एका वेळी वाजत असतात, कान बधिर होतात. मग सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावतात, "होऽऽ" अशी हाळी देतात आणि एका क्षणात सगळं थांबतं. इतकं की लांबच्या रस्त्यावरची मोटार ऐकू येते. आणि तरीही एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. ते चुकून नसतं. ज्या दिंडीची तक्रार असेल तिनं थांबायचं नाही, ही इथली रीत. चोपदारांना तिथं यावंच लागतं. ते येतात, ऐकून घेतात, निवाडा होतो, मग ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवलं-सापडलेलं पुकारलं जातं, उद्याची निघण्याची वेळ सांगतात आणि मगच आरती.

त्या दिवशी टाळ आमच्याच दिंडीचे वाजत होते. आमच्या ठरलेल्या जागेवर वारीशी संबंध नसलेल्या गाड्या उभ्या केलेल्या, तंबू ठोकायला जागा नाही, बायाबापड्या चिखलात बसलेल्या. चोप वर गेला, सगळा तळ शांत झाला आणि त्या शांततेत आमचे पंचवीसतीस टाळ. मी पण टाळ घेऊन उभी होते. हात थरथरत होते. एवढ्या लोकांच्या नजरा आपल्याकडं, माउलींची पालखी समोर, आणि आपण थांबत नाही. वाटलं, पाप लागेल. शेजारी ती माढ्याची सून जोरजोरात वाजवत होती. चोपदार गर्दीतून वाट काढत आले. "माउली, बोला," म्हणाले. दिंडीप्रमुखांनी चार वाक्यांत सांगितलं. कुणी आवाज चढवला नाही, कुणी आम्हाला "आधी आरती होऊ द्या" म्हणालं नाही. माणसं पाठवली गेली, गाड्या हलल्या. आमचे टाळ थांबले. मग आरती झाली.

हे दोनशे वर्षांच्या आसपास चालत आलंय. शिंद्यांच्या पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली असं सांगतात. सरदार माणूस तो, त्याला फौजेची शिस्त ठाऊक होती. पण फौजेत हुकूम झाल्यावर कुणी वाजवत राहत नाही. ही मोकळीक वारकऱ्यांनी आपल्यासाठी राखली आणि ती देवासमोर, आरतीच्या आधी राखली. रात्री तंबूत पडल्यापडल्या मला आमच्या गावच्या सभा आठवत होत्या. "मंजूर?" असं विचारायच्या आतच "मंजूर" लिहिलेलं असायचं.

पुढचे दिवस भरभर गेले. ठाकूरबुवाची समाधी, तोंडले-बोंडले, भंडीशेगाव, बाजीरावाची विहीर. वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र आल्या. १७ जुलैला आषाढी. दर्शनाच्या रांगेत मी लागले नाही, कळसाला हात जोडले आणि नामदेव पायरीजवळ चोखोबांच्या समाधीपाशी थांबले. चोखोबा आमच्या मंगळवेढ्याचे. गावकुसाचं बांधकाम करताना भिंत कोसळून गेले. देवळाबाहेर राहिलेल्या त्या माणसाच्या लोकांना आत जाता यावं म्हणून साने गुरुजींनी याच पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, १ मे १९४७ पासून उपोषण केलं. दहा दिवसांनी दारं उघडायचं ठरलं. स्वातंत्र्याला तेव्हा तीन महिने उरले होते. पायरीला डोकं टेकवताना मी काही मागितलं नाही. सहीचं मात्र सांगितलं.

१५ ऑगस्टला गावात ग्रामसभा होती. नियमानं आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते. आजवर ती कागदावरच व्हायची. मी आठ दिवस आधी घरोघर फिरले, तिघीचौघी बरोबर आल्या. देवळाच्या ओट्यावर आम्ही बेचाळीस जणी बसलो. पाणी, शाळेची भिंत, स्मशानाचा रस्ता. कुणाला लिहिता येतं, कुणाला नाही. जिला येतं तिनं लिहिलं, लिहिलेलं मोठ्यानं वाचलं, मग अंगठे आणि सह्या झाल्या.

ग्रामसभेत झेंडावंदन झाल्यावर नेहमीसारखं विषय वाचणं सुरू झालं. तिसऱ्या विषयाला "मंजूर" झालं आणि मी उभी राहिले. म्हणाले, "थांबा. आधी बायकांचा ठराव वाचा. आणि माणसं मोजा." कुणीतरी मागून म्हणालं, "काकू, बसा की, जेवायची वेळ झाली." मी बसले नाही. घशाला कोरड पडली होती, वेळापुरातल्यासारखेच हात थरथरत होते. माझ्यामागं शेजारची जाऊबाई उभी राहिली, मग पाटलाच्या वाड्यामागची म्हातारी, मग ओट्यावरच्या सगळ्याच.

माणसं मोजली. एकशे सतरा भरली. मग ठराव वाचायला घेतला.