औषध घेता का?

मंगळवार, रात्री साडेदहा

आज बाजार होता, म्हणून ओपीडीला गर्दी. मंगळवारी लोक एका फेरीत तीन कामं उरकतात: भाजी, बँक आणि दवाखाना. माझी खोली बीपी-शुगरच्या टेबलामागची. अर्ध्या भागात सलाईनचे खोके, अर्ध्या भागात मी. दारावर 'समुपदेशन कक्ष' असा कागद चिकटवलाय. त्यावरून माझ्याकडे आजवर एकही माणूस आलेला नाही. येतात ते आशाताईंनी हाताला धरून आणलेले, नाहीतर 'पंखा कुठी हाय' म्हणत आत शिरलेले.

(इथे लिहिताना गाव, वय, घरातली माणसं सगळं बदललंय. फक्त तुरीच्या शेंगा खऱ्या आहेत, त्या शेवटी येतील.)

मागच्या महिन्यात एका बाईला आशाताई घेऊन आल्या होत्या. डोकं भणभणते, हातापायात मुंग्या येतात, जेवण गोड लागत नाही. त्याआधी तिनं दोन ठिकाणी सलाईन लावून घेतली होती, टॉनिकची बाटलीही संपवली होती. मी फॉर्म काढला. नैराश्य तपासायचा, नऊ प्रश्नांचा, जगभर चालतो तो, पीएचक्यू-९. 'गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा' असं विचारायचं, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण २७. कॉलेजात आम्ही तो एकमेकींवर इतका भरला होता की मला तोंडपाठ.

"उदास किंवा निराश वाटतं का?"

"उदास म्हंजे?"

इथंच माझी गाडी अडली. प्रतिशब्द शोधायला लागले तर नागपुरात शिकलेली पुस्तकी मराठीच तोंडात येत होती. नागपूरच्या पहिल्या वर्षात मी 'मले-तुले' मुद्दाम टाकून दिलं होतं. रोल-प्लेमध्ये एकदा 'काहून' निघून गेलं तर वर्ग हसला होता, त्यानंतर तर अगदीच. आता ते परत शोधावं लागलं. "कशात जीव लागत नाही का माय?" म्हटलं, तर बाई लगेच बोलायला लागली. 'दोन आठवडे' हेही तिला पटेना. "मागच्या दोन बाजारापासून" म्हटल्यावर तिनं बोटं मोजून सांगितलं.

मग मी सहज विचारलं, "औषध घेता का?"

मला म्हणायचं होतं बीपीच्या गोळ्या. बाईनं पदर तोंडाशी नेला. आशाताई माझ्याकडे बघतच राहिल्या.

"नाही वं माय. तसं काही नाही करणार मी."

आमच्याकडे फवारणीच्या डब्यालाही औषधच म्हणतात. कापसावर मारतात ते औषध. आणि 'त्यानं औषध घेतलं' असं गावात कुणी हळू आवाजात सांगितलं, की पुढचं विचारत नाहीत. मी याच मातीत वाढले, लहानपणी हे वाक्य किती अंगणांतून ऐकलं, आणि तरी पांढरा कोट घातल्यावर विसरले. (कोट घालायची गरज नाही, पण नाही घातला तर लोक मला पावती फाडणारी समजतात.)

पण मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं होतं. फॉर्ममध्ये तो प्रश्न सगळ्यात शेवटी, नववा. माझं काम तपासणाऱ्या मॅडम म्हणतात, मरणाचं सरळ विचारल्यानं ते मनात पेरलं जात नाही. विचारायला घाबरतो आपणच. मी आशाताईंना बाहेर बसायला सांगितलं, जे मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, आणि विचारलं, "मरून जावं असं मनात येते का?"

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "येते. पण पोरगी हाय न." आणि थोड्या वेळानं, "हे तुम्ही लिहिलं तं पोलीस येतीन का?"

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा पाठ केला होता परीक्षेसाठी. कलम ११५, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षा नाही. आणि इथे तर नुसता विचार. तिला एवढंच सांगितलं, "नाही येत. इथं पोलिसाचं काही काम नाही."

पुढचं सगळं फार साधं होतं. फवारणीचा डबा कुठे ठेवता? बाजेखाली. तिच्याच संमतीनं दिराला बोलावलं, डबा त्याच्या घरी कुलपात गेला. मेडिकल ऑफिसरांना त्याच वेळी दाखवलं, जिल्ह्याहून येणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांची तारीख घेतली. चिठ्ठीवर टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर मोठ्या आकड्यांत लिहिला, १४४१६. २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तिचा फोन बटणांचा, आम्ही दोघींनी मिळून तो सेव्ह केला. नाव काय ठेवू म्हटलं तर म्हणाली, "मावशी."

सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे मॅडमसमोर केस मांडताना, आशाताईंच्या समोर प्रश्न विचारल्याबद्दल बोलणी खाल्ली. बरोबरच होती. 'औषध'च्या गोष्टीवर मॅडम मात्र गप्प झाल्या, मग वहीत काहीतरी लिहून घेतलं. आता मी 'गोळ्या' म्हणते.

बाबांना अजून कळत नाही मी काय शिकते. "सुई नाही देत, गोळी नाही देत, मंग करते काय तू?" डॉक्टर नाही, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही नाही, त्याला पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि ती माझ्या एम.ए.वर मिळत नाही. हे त्यांना समजावताना मीच दमते. "ऐकते," म्हटलं. "ते तं तुही आजी फुकटात करे," म्हणाले. खोटं नाही. पण आजी ऐकून घेतल्यावर सल्ला द्यायची, आणि तो संध्याकाळपर्यंत आख्ख्या गल्लीला माहीत असायचा.

तर आज ती बाई चौथ्यांदा आली. गोळ्या सुरू आहेत, झोप लागते, डोकं अजून भणभणते. निघताना पिशवी टेबलावर ठेवली. तुरीच्या शेंगा, शेतातून सकाळीच तोडलेल्या. क्लायंटकडून भेटवस्तू घेऊ नये, यावर आम्हाला आख्खं लेक्चर होतं. मी "राहू द्या माय" म्हणून पाहिलं. ती अशी बघितली, जसं मी तिच्या घरचं पाणी नाकारलं.

घेतल्या. दुपारी नर्सबाईंच्या शेगडीवर मीठ घालून उकडल्या, आशाताई, मी, बीपीवाला दादा, सगळ्यांनी खाल्ल्या. कोणी दिल्या ते सांगितलं नाही.

लॉगबुकमध्ये लिहिलं: सत्र चौथे, ४० मिनिटे. भेटवस्तू: तुरीच्या शेंगा, अंदाजे अर्धा किलो. स्वीकारल्या. सुपरव्हिजनला विचारायचं.