राखीव कॅमेऱ्याची बदली : नोंद तिसरी

गेल्या डिसेंबरात हंपीच्या हेमकूट टेकडीवर पट्ट्याची कडी सुटली आणि माझा मुख्य कॅमेरा, फुजीफिल्म एक्स-टी३, खडकावर आपटला. माउंटची, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याची, कडा वाकली आणि उरलेल्या चार दिवसांची सारी भिस्त पिशवीतल्या जुन्या डीएसएलआरवर आली. त्याच्यासोबत आलेल्या किट लेन्समध्ये मुंबईच्या दोन पावसाळ्यांत बुरशीचे जाळे धरले होते, त्यामुळे सूर्य समोर आला की संपूर्ण चौकटीवर पांढुरकी झाक येई; शिवाय सोबतच्या फुजीच्या लेन्स, बॅटऱ्या आणि चार्जर यांपैकी काहीच त्याला चालत नव्हते. राखीव कॅमेरा मुख्य कॅमेऱ्याच्याच घराण्यातला हवा, हे तेव्हाच ठरले.

एक्स-टी३ दुरुस्त होऊन आल्यावर मी फुजीफिल्मचाच एक्स-एस१० कोणी वापरलेला मिळतो का ते शोधू लागलो. २०२० साली आलेल्या या कॅमेऱ्यात एक्स-टी३प्रमाणेच प्रकाश टिपणारा २६.१ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे, त्यामुळे दोन्हींच्या फायली शेजारीशेजारी ठेवल्या तरी रंगांत खटकणारा फरक राहत नाही. दोन्हींना एनपी-डब्ल्यू१२६एस हीच बॅटरी लागते, म्हणजे प्रवासात एकच चार्जर पुरतो. जोडीला २७ मिमी एफ/२.८ आर डब्ल्यूआर ही अवघ्या ८४ ग्रॅमची लेन्स घेतली. बॅटरी आणि कार्डासह कॅमेरा ४६५ ग्रॅम भरतो, म्हणजे दोन्ही मिळून साडेपाचशे ग्रॅमच्या आत.

खरेदी मुंबईच्या बोराबाजारात केली. दुकानदारांनी शांतपणे पाहू दिले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. लेन्सच्या मागून टॉर्च धरून काचांच्या कडा तपासल्या, कारण बुरशी बहुधा कडेपासून पसरू लागते. माउंटचे स्क्रू कोणी उघडले आहेत का ते पाहिले. आणि एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र अगदी लहान करून, मोकळ्या आभाळाचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग शोधले. दोन बारीक ठिपके दिसले, ते ब्लोअरने गेले.

पहिली खरी चाचणी दादरच्या फुलबाजारात पहाटे पाच वाजता घेतली. पिवळ्या दिव्याखाली एक मावशी झेंडूचे हार ओवत होत्या. २७ मिमी लेन्स या सेन्सरवर सुमारे ४१ मिमीसारखी दिसते आणि हातात धरून फोटो काढताना शटरचा वेळ साधारण त्याच आकड्याच्या भागाइतका ठेवतात, म्हणून १/४० सेकंदापेक्षा जास्त वेळ मी एरवी शटर उघडे ठेवत नाही. इथे सेन्सरच्या स्थिरीकरणावर, म्हणजे सेन्सर हलवून हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीवर, विसंबून १/८ वर दहा फोटो काढले आणि त्यांतल्या सात फोटोंत टोपलीची वीण अगदी स्वच्छ आली. त्यामुळे आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ३२०० वरून ६४० वर आणता आला. सुई ओढणारा हात मात्र सातही फोटोंत पुसट आहे, कारण स्थिरीकरण आपला हात सावरते, समोरच्याचा नाही. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "दादा, फुलांवर पाणी मारतेय, तुमचा कॅमेरा सांभाळा."

ती सूचना अगदी योग्य वेळी आली. लेन्सला पाण्यापासून संरक्षण आहे, एक्स-एस१०च्या बॉडीला नाही, आणि या जोडीची सर्वांत मोठी मर्यादा मला तीच वाटते. म्हणून पावसात २७ मिमी एक्स-टी३वर चढेल आणि एक्स-एस१० पिशवीत राहील. लेन्सवरची ॲपर्चरची (छिद्र लहान-मोठे करण्याची) कडी दोन्ही कॅमेऱ्यांवर सारखीच चालते, त्यामुळे अदलाबदल करताना बोटांचा गोंधळ होत नाही. एक्स-एस१०मध्ये कार्डाची खाच बॅटरीच्याच दाराआड आहे. तळाला ट्रायपॉडची पट्टी लावली की ते दार अडते, म्हणून दार उघडता येईल अशी अरुंद पट्टी शोधतो आहे.

सध्या दोन्ही कॅमेरे रबरी कडेच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि आर्द्रतामापकासोबत ठेवले आहेत. काटा ४५ टक्क्यांवर आहे. खडे निळ्याचे गुलाबी होऊ लागले की ते तापवून कोरडे करायचे, हे आता दर रविवारचे काम ठरवले आहे. पुढची नोंद बदामीहून परतल्यावर.