रेप्लिका तुटली, तर साइट बंद ठेवावी लागते का?

डेटाबेस सांभाळणे हा माझा व्यवसाय असल्याने हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुतेक जण लहान कंपन्यांतले असतात. त्यांच्याकडे मूळ डेटा सांभाळणारा एक प्रायमरी सर्व्हर असतो, त्याच्यामागे त्याची सतत नक्कल ठेवणारी एखादी रेप्लिका असते, दोन्हीकडे मायएसक्यूएल हा डेटाबेस चालतो आणि वेगळा डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा माणूस, नेमावा इतके काम नसते. एके दिवशी रिपोर्टमधले आकडे शिळे दिसू लागतात, कोणीतरी रेप्लिकेची स्थिती उघडून पाहतो, तिथे एरर असते, आणि मग मला विचारले जाते की साइट कमीत कमी वेळ बंद ठेवून हे पुन्हा जोडायचे कसे. माझे उत्तर असे आहे की साइट बंद ठेवण्याची गरज जवळजवळ कधीच नसते, कारण प्रायमरी धडधाकट असते आणि बिघडलेली असते ती तिची नक्कल. तरीही अशा दुरुस्तीत साइट बंद पडते, आणि मी पाहिलेल्या बहुतेक प्रसंगांत ती दुरुस्ती करणाऱ्याच्या घाईमुळेच पडली आहे.

ही घाई कुठे नडते हे कळण्यासाठी यंत्रणा थोडक्यात सांगायला हवी. बिनलॉग ही प्रायमरीची रोजकीर्द आहे. झालेला प्रत्येक बदल तीत क्रमाने लिहिला जातो. रेप्लिकेवरचा आयओ थ्रेड (थ्रेड म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारे एक स्वतंत्र काम) त्या नोंदी आणून रिले लॉगमध्ये उतरवून ठेवतो आणि एसक्यूएल थ्रेड त्या एकेक करून स्वतःच्या टेबलांत चढवतो. म्हणून ‘रेप्लिकेशन तुटले’ असे कोणी सांगितले की मी आधी विचारतो की कोणता थ्रेड थांबला आहे. ‘शो रेप्लिका स्टेटस’ या कमांडने ते कळते, 8.0.22 च्या आधीच्या आवृत्त्यांत तिलाच ‘शो स्लेव्ह स्टेटस’ म्हणत. आयओ थ्रेड थांबला असेल तर दोष बहुधा नेटवर्क, पासवर्ड, फायरवॉल किंवा प्रायमरीवरून पुसल्या गेलेल्या बिनलॉगमध्ये असतो. एसक्यूएल थ्रेड थांबला असेल तर मात्र दोन्हीकडचा डेटा आधीच वेगळा झालेला असण्याची शक्यता मोठी असते आणि एरर ही फक्त त्याची पहिली चाहूल असते. रेप्लिका किती सेकंद मागे आहे हे दाखवणारा आकडा एसक्यूएल थ्रेड थांबल्यावर शून्य नव्हे तर ‘नल’ होतो, आणि ‘नल’ला शून्य समजणारे मॉनिटरिंग मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. अशा ठिकाणी बिघाड होऊन कित्येक दिवस उलटलेले असतात आणि पडद्यावर सगळे हिरवेगार असते.

सर्वांत जास्त वेळा भेटणारी एरर म्हणजे 1062. प्रायमरीवरून आलेली नवी नोंद चढवायला जावे तर त्याच प्राथमिक कीची नोंद रेप्लिकेवर आधीच असते. अशा वेळी शोधाशोध केली की हमखास एक उपाय सापडतो : स्किप काउंटर, म्हणजे किती वगळायचे ते सांगणारा आकडा, एकवर ठेवावा आणि रेप्लिका पुन्हा सुरू करावी. एरर जाते, थ्रेड धावू लागतो आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. माझा आक्षेप आहे तो या उपायाआधी कोणी नोंद उघडून पाहत नाही यावर. एका व्यापारी कंपनीच्या कामात ऑर्डरच्या टेबलावर ही एरर आली होती. बिनलॉगमधला तो भाग ‘मायएसक्यूएलबिनलॉग’ या साधनाने, रो (टेबलातल्या ओळी) वाचता येतील असा पर्याय लावून उलगडला आणि रेप्लिकेवरची त्याच क्रमांकाची नोंद त्याच्या शेजारी ठेवली, तेव्हा दिसले की क्रमांक एकच असला तरी ग्राहक वेगळा होता आणि रक्कमही वेगळी होती. नव्याने उभ्या केलेल्या एका अ‍ॅप सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये डेटाबेसचा पत्ता म्हणून रेप्लिकेचा पत्ता पडला होता, त्यामुळे काही ग्राहकांच्या खऱ्या ऑर्डरी फक्त रेप्लिकेवर लिहिल्या जात होत्या. तिथे काउंटर पुढे सरकवला असता तर प्रायमरीची ऑर्डर रेप्लिकेवर कधीच आली नसती, आणि पुढे रेप्लिका नव्याने बांधताना त्या ग्राहकांच्या ऑर्डरी कायमच्या गेल्या असत्या.

याच एररचे दुसरे कारण अगदी निरुपद्रवी असू शकते. वीज गेल्यामुळे रेप्लिका अचानक बंद पडते, कुठवर नोंदी चढवल्या हे सांगणारी खूण डिस्कवर पोहोचलेली नसते, आणि पुन्हा सुरू झाल्यावर ती चढवलेल्याच नोंदी परत चढवू लागते. ही खूण पूर्वी साध्या फाइलमध्ये राहत असे, 5.6 पासून ती टेबलमध्ये ठेवता येते आणि 8.0 मध्ये तसेच गृहीत धरलेले असते, त्यामुळे नव्या आवृत्त्यांत हा प्रकार विरळ झाला आहे. अशा वेळी दोन्हीकडची नोंद कॉलमगणिक सारखी निघते आणि ती ओलांडून जाण्यात काही बिघडत नाही. एरर एकच, पण एका ठिकाणी स्किप करणे योग्य आणि दुसऱ्या ठिकाणी घातक. हा फरक नोंद पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि नोंद पाहायला पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. त्यातही स्किप काउंटर एक ठेवला म्हणजे एक रो वगळला जातो अशी समजूत असते ती चुकीची आहे. इनोडीबी या मायएसक्यूएलच्या नेहमीच्या साठवण-पद्धतीतल्या टेबलांवर तो अख्खे ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पूर्ण होणारा बदलांचा संच, वगळतो, म्हणजे ऑर्डरबरोबर स्टॉक आणि पेमेंटचे बदलही गेले. जीटीआयडी (प्रत्येक ट्रान्झॅक्शनला दिलेली वेगळी ओळख) चालू असेल तर काउंटर चालतच नाही. तिथे अडलेल्या ट्रान्झॅक्शनचा जीटीआयडी देऊन रिकामे ट्रान्झॅक्शन करावे लागते, आणि परिणाम तोच होतो.

1032 ही एरर याच्या उलट असते : बदलायची किंवा पुसायची नोंद रेप्लिकेवर नसतेच. पुसायचीच होती आणि नाही, तर फारसे अडत नाही. बदलायची होती आणि नाही, तर ती नोंद कधीतरी हरवलेली आहे आणि तिच्यासोबत आणखी किती हरवल्या असतील ते अजून माहीत नाही. ती हाताने भरायची झाली तर सेशनपुरते बिनलॉग लिहिणे बंद करूनच भरावी. नाहीतर जीटीआयडी वापरणाऱ्या रेप्लिकेवर प्रायमरीला ठाऊक नसलेले एक ट्रान्झॅक्शन तयार होते आणि उद्या तीच रेप्लिका प्रायमरी करायची वेळ आली की ते आडवे येते. कॉन्फिगमध्ये सर्व एरर दुर्लक्षित करण्याची ओळ कायमची घालून ठेवणाऱ्यांना काय म्हणावे ते मला कळत नाही. त्या ओळीनंतर रेप्लिका कधीच तुटत नाही, आणि तिच्यातल्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

बिनलॉग वाचता न आल्याची 1236 ही एरर आली आणि हवा असलेला बिनलॉग प्रायमरीवर उरलेलाच नसेल, किंवा वेगळ्या पडलेल्या नोंदी एकदोनपेक्षा जास्त असतील, तर मी डागडुजीच्या भानगडीत पडत नाही. रेप्लिका नव्याने बांधतो. हे ऐकून लोक घाबरतात, कारण नव्याने बांधणे म्हणजे साइट बंद, असे त्यांना वाटते. ‘मायएसक्यूएलडंप’ या नक्कल काढणाऱ्या साधनाला सिंगल ट्रान्झॅक्शनचा पर्याय दिला की इनोडीबीची टेबले एका क्षणाच्या स्थितीत वाचली जातात आणि लिहिणारे लिहीत राहतात. बिनलॉगमधली जागा नोंदवण्यासाठी सुरुवातीला सगळ्या टेबलांचे लेखन रोखणारा एक ग्लोबल रीड लॉक घ्यावा लागतो, तोही क्षणभरच.

पण इथेच दगाफटका होतो. तो लॉक मिळेपर्यंत चालू क्वेरी संपण्याची वाट पाहतो आणि तो वाट पाहत असताना मागून येणारे सगळे लेखन त्याच्यामागे खोळंबते. कोणी महिनाअखेरचा अर्ध्या तासाचा रिपोर्ट प्रायमरीवर लावून ठेवला असेल, तर क्षणभराचा लॉक अर्धा तास साइट ठप्प करतो, आणि दोष मात्र डंपला दिला जातो. म्हणून डंप सुरू करण्यापूर्वी प्रोसेस लिस्ट, म्हणजे चालू क्वेरींची यादी, पाहणे आणि लांबलेली क्वेरी संपू देणे किंवा थांबवणे, हे मी कधीही चुकवत नाही. जुन्या डेटाबेसात मायआयसॅम या जुन्या साठवण-पद्धतीचे एखादे टेबल उरलेले असेल तर त्याला सिंगल ट्रान्झॅक्शनचे संरक्षण मिळत नाही, आणि डंप चालू असताना कोणी टेबलाची रचना बदलणारे ऑल्टर टेबल चालवले तर सगळीच मेहनत वाया जाते.

डेटा मोठा असेल तर डंप काढणे सोपे असते, पण परत भरायला फार वेळ लागतो, कारण इंडेक्स पुन्हा बांधले जातात. तिथे पर्कोनाचे एक्स्ट्राबॅकअप बरे पडते. ते चालू सर्व्हरच्या फाइलीच उचलते आणि दरम्यान झालेले बदल रीडू लॉगमधून, म्हणजे इनोडीबीच्या स्वतःच्या बदलांच्या नोंदवहीतून, जमवते. 8.0.17 पासून मायएसक्यूएलमध्येच एका सर्व्हरची नक्कल दुसऱ्यावर उतरवणारे क्लोन प्लगइन आहे, आणि आवृत्ती जुळत असेल तर आज मी तेच आधी वापरून पाहतो. दुसरी धडधाकट रेप्लिका असेल तर नक्कल तिच्याकडून घ्यावी, म्हणजे प्रायमरीला हातही लागत नाही. कोणताही मार्ग घेतला तरी नक्कल पूर्ण होऊन नवी रेप्लिका जोडली जाईपर्यंतचे बिनलॉग प्रायमरीवर राहतील याची सोय आधी करावी. 8.0 मध्ये मूळ मुदत 30 दिवसांची असते, पण डिस्क वाचवण्यासाठी ती एक दिवसावर आणून ठेवलेली असते, आणि नक्कल उतरायलाच एक दिवस लागतो! ज्यांनी डिस्कचा स्नॅपशॉट (एका क्षणाची जशीच्या तशी प्रत) वापरला त्यांनी ‘ऑटो.सीएनएफ’ ही छोटी फाइल काढून टाकावी, नाहीतर दोन्ही सर्व्हरचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) एकच होतो आणि आयओ थ्रेड पहिल्याच पावलाला अडतो.

क्लोन प्लगइन ज्या सर्व्हरवर उतरते तिथला जुना डेटा पुसून टाकते, आणि एकूणच नव्याने बांधण्यात ‘आधी पुसा’ ही पायरी कुठे ना कुठे असतेच. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत जे घडले ते याच पायरीवर, आणि त्यांनी ते स्वतः तपशीलवार जाहीर केले म्हणून आपल्याला ते ठाऊक आहे. त्यांचा डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल होता. लोड अचानक वाढल्याने रेप्लिका मागे पडली आणि तिला हवे असलेले वॉलचे (पोस्टग्रेसक्यूएलमधल्या बिनलॉगसारख्या नोंदवहीचे) तुकडे प्रायमरीवरून निघून गेले, म्हणजे आपल्या 1236 सारखीच अवस्था. रेप्लिका नव्याने बांधायला घेतली, तर नक्कल घेणारे पीजी बेसबॅकअप हे साधन काहीही न बोलता नुसते थांबून राहिले. ते प्रायमरीची वाट पाहत होते, पण रेप्लिकेच्या डेटा फोल्डरमध्येच काहीतरी अडत असावे असे समजून ते पुसायला घेतले गेले, आणि ती कमांड प्रायमरीवर चालली. चूक एकदोन सेकंदांत लक्षात आली, तोवर सुमारे 300 जीबीपैकी 4.5 जीबी उरले होते. पीजी डंप या साधनाचे बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे बनतच नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेला डिस्कचा एक एलव्हीएम स्नॅपशॉट हाताशी होता, म्हणून नुकसान सुमारे सहा तासांच्या डेटावर थांबले. त्या रात्री सुरुवातीला तुटलेली होती ती फक्त रेप्लिका. मी या पायरीला फोल्डर पुसत नाही, त्याचे नाव बदलतो आणि नवी रेप्लिका नीट चालेपर्यंत तसेच ठेवतो. जागा पुरत नसेल तर दुसरी डिस्क जोडून घेतो. ज्या टर्मिनलवर हे करायचे त्यात होस्टनेम विचारून घेतल्याशिवाय एंटर दाबत नाही.

नवी रेप्लिका जोडली की ती मागे राहिलेले अंतर कापू लागते. त्या काळापुरते तिच्यावर पॅरलल वर्कर (एकाच वेळी नोंदी चढवणारे थ्रेड) वाढवावेत आणि दर कमिटला डिस्कवर लिहिण्याची सक्ती सैल करावी, वेग पुष्कळ वाढतो; बरोबरी झाली की मूळ सेटिंग परत लावावे. ‘सुपर रीड ओन्ली’ ही सर्व युजरना लिहिण्यापासून अडवणारी सेटिंग मात्र पहिल्या मिनिटापासून चालू असावे. ही सोय 5.7.8 पासून आहे. त्याआधीचे नुसते ‘रीड ओन्ली’ सुपर अधिकार असलेल्या युजरला अडवत नाही, आणि अनेक अ‍ॅप्लिकेशन आळसापोटी त्याच अधिकाराने जोडलेली असतात.

एवढे झाल्यावरही रेप्लिकेवर लगेच वाचनाचा भार टाकू नये. पर्कोना टूलकिटमधले ‘पीटी टेबल चेकसम’ प्रायमरीवर टेबलांचे छोटे तुकडे करून प्रत्येकाचा चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढते, तेच गणित रेप्लिकेशनच्या वाटेने रेप्लिकेवर होते आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहता येतात. रेप्लिका मागे पडू लागली की ते स्वतः थांबते, म्हणून दिवसाही चालवता येते. फरक निघालाच तर ‘पीटी टेबल सिंक’ आधी फक्त काय बदलेल ते छापून पाहण्याच्या पर्यायाने चालवावे, वाचावे, आणि मगच खरोखर चालवावे. चेकसम जुळला की सर्व्हरांत क्वेरी वाटणाऱ्या लोड बॅलन्सरमध्ये तिला आधी थोडेच वजन द्यावे, कारण तिचा बफर पूल (मेमरीतला डेटाचा साठा) रिकामा असतो आणि सुरुवातीच्या क्वेरी थेट डिस्कवर जातात. तोवर रिपोर्ट प्रायमरीवर चालवायचे की थांबवायचे हे मात्र डीबीएने ठरवू नये. ते ज्यांना रिपोर्ट लागतात त्यांना विचारावे, आणि माझ्या अनुभवात ते बहुधा ‘उद्या पाहू’ असेच सांगतात.