परत उभं करून दाखवणं: आमची वाटचाल

गिऱ्हाइकांच्या डेटाचा बॅकअप घेणारी आमची फर्म एका वापरलेल्या एलटीओ-५ ड्राइव्हवर, म्हणजे टेपवर डेटा लिहिणाऱ्या यंत्रावर, सुरू झाली. एका कार्ट्रिजवर दीड टीबी. तो ड्राइव्ह आम्ही अजून चालता ठेवलाय, कारण एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागची टेप वाचतात, एलटीओ-८ एकच. वाचणारं यंत्र विकून टेपा जपणाऱ्यांनी आजच कपाट उघडून बघावं.

पुढे करार वाढले, माणसं वाढली. लिहायचंय ते निम्म्याहून अधिक गिऱ्हाइकं गेली त्या काळाबद्दल.

आमच्याच धंद्यातली एक मोठी कंपनी आमच्या गिऱ्हाइकांकडे जाऊन सांगू लागली की टेपा आणि रात्रीचे बॅकअप जॉब जुने झाले, फोल्डर क्लाउडशी सिंक ठेवा, निम्म्या दरात. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं ठेवणं, बॅकअप नव्हे, हे आम्ही प्रत्येक बैठकीत सांगितलं. मूळ फाइल बिघडली की तो बिघाडही पलीकडे जातो, आणि जुन्या आवृत्त्या ठेवल्या नसतील तर मागे जायला जागाच नसते. आम्ही करार टिकवायला भीती घालतो, असं पाठीमागे बोललं गेलं. ते अजून लागतं. पगारासाठी कर्ज काढावं लागलं आणि हाताखाली तयार झालेली मुलं त्याच कंपनीत गेली.

औषधांचे एक घाऊक व्यापारी मात्र हलले नाहीत. त्यांची एकच अट होती: दर तिमाहीला एका रविवारी कोऱ्या सर्व्हरवर सगळं परत उभं करायचं. ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, शेवटचा फुल बॅकअप, त्यावर ट्रान्झॅक्शन लॉग, म्हणजे त्यानंतरच्या व्यवहारांची नोंद. मग त्यांचे हिशेबनीस शनिवारचं शेवटचं बिल उघडून बॅच नंबर आणि एक्स्पायरी ताडून बघायचे. त्यांनी होय म्हटल्याशिवाय घड्याळ थांबत नसे. किती तासांत बिलिंग सुरू होईल हा आरटीओ आणि किती वेळची बिलं पुन्हा टाकावी लागतील हा आरपीओ, दोन्ही तिथं मोजून ठरले. बिलिंग सॉफ्टवेअरची लायसन्स की फक्त जुन्या सर्व्हरवरच आहे, हेही अशाच एका रविवारी उघड झालं. तेव्हापासून कीज, पासवर्ड आणि रिस्टोअरचा क्रम यांची छापील प्रत तिजोरीत असते. तुम्हीही ठेवा.

हे छोट्यांपुरतं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला सॉफ्टवेअरचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीत चालू डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली. रोजचा डंप, म्हणजे डेटाबेसची प्रत, ती काढणाऱ्या पीजी-डंप प्रोग्रॅमच्या चुकीच्या आवृत्तीमुळे फसत होता आणि इशाऱ्याचे ईमेल नाकारले जात होते. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी घेतलेल्या स्नॅपशॉटनं, म्हणजे त्या क्षणाच्या प्रतीनं, ते वाचले. जॉब हिरवा दिसतो म्हणून झोपणाऱ्यांनी हे प्रकरण मुळापासून वाचावं.

सोडून गेलेल्या एका गिऱ्हाइकाकडे रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, शिरलं. कुलूपबंद झालेल्या फाइली सिंकनं इमानेइतबारे क्लाउडवर चढवल्या. आवृत्त्या राखण्याची सोय त्यांना विकलीच नव्हती. त्यांच्या लॉकरमध्ये आमच्या शेवटच्या टेपा होत्या, वर काही लिहिलं जाऊ नये म्हणून राइट-प्रोटेक्टची खिट्टी लावलेल्या. काही महिने जुन्या, पण अख्ख्या. आम्ही त्यावरून सिस्टिम उभी केली, पुढची बिलं कागदांवरून पुन्हा टाकली गेली. ते परत आले, त्यांच्या ओळखीनं आणखी काही आले, आणि फर्म तरली. त्या मोठ्या कंपनीनं यावर कधी चकार शब्द काढला नाही.

तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत दुसऱ्या जागी, हे सगळ्यांना पाठ असतं. आम्ही त्यात भर घालतो: एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली हवी, आणि बॅकअप सर्व्हर डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसच्या सामायिक लॉगिन व्यवस्थेत, घालूच नका. अ‍ॅडमिनचा पासवर्ड चोरीला गेला की हल्लेखोर आधी बॅकअप पुसतो.

आता त्या कंपनीच्या कोटेशनमध्ये तिमाही रिस्टोअरचा तक्ता असतो. रकाने आमचे, क्रमही आमचा. हिशेबनिसांच्या सहीचा रकाना तेवढा गाळलाय. आमच्या तक्त्यात तो पहिल्यापासून आहे आणि सही झाल्याशिवाय आम्ही त्या रविवारचं बिल लावत नाही.